बाहेर उघडणारं दार

तोंडात स्क्रू धरून सासूबाई दाराच्या आतल्या अंगाला कडी बसवत होत्या, तेवढ्यात बाहेरून कुणीतरी दाराला खांदा लावला. दार हललं नाही. बाहेरच्या माणसाने आणखी जोर केला. सासूबाईंचा हात जिथल्या तिथे राहिला आणि पेचकस घसरून फळीवर एक पांढरा ओरखडा उठला. मग बाहेरचा माणूस थबकला, मूठ धरून त्याने दार स्वतःकडे ओढलं आणि खोलीत उजेड आला. दारात मास्तर उभे होते.

"चौकट उलटी बसली की हो, बाई," ते म्हणाले.

सासूबाईंच्या तोंडात स्क्रू होते, म्हणून त्यांना उत्तर द्यावं लागलं नाही.

मास्तर रागावले नाहीत. नव्या हाताकडून ही चूक व्हायचीच. चौकटीला एका बाजूने खाच असते आणि दार त्या खाचेत बसतं. खाच खोलीकडे ठेवली तर दार आत उघडतं, गॅलरीकडे ठेवली तर बाहेर. घाईत चौकट उचलून भिंतीत उभी केली की दर तुकडीत एखाद्याची तरी उलटी लागते. मास्तरांनी खिशातून खडू काढला, दाराच्या मोकळ्या कडेला खाली टेकवला आणि दार फिरवलं. गॅलरीच्या फरशीवर पाव वर्तुळ उमटलं.

"एवढी जागा दाराची. ह्या जागेत माणूस उभा राहायचा नाही. आता सांगा, एवढ्याशा गॅलरीत लोकांनी चालायचं कुठून? कुणी आतून दार ढकललं की बसलंच बाहेरच्याच्या गुडघ्यावर."

शिवाय बिजागऱ्या बाहेर आल्या, म्हणजे चोराला आमंत्रणच, हेही त्यांनी सांगितलं. संध्याकाळपर्यंत चौकट फिरवून घ्या, उद्या परीक्षा, घोडामैदान जवळच आहे, असं म्हणून ते शेजारच्या खोलीकडे वळले. सासूबाईंनी स्क्रू तोंडातून काढून हातावर घेतले आणि कडी बसवत होत्या तिथेच पुढे बसवायला लागल्या.

मास्तर दूरच्या शहरातून आले होते. लढाई तिथवर पोचली नव्हती. त्यांनी आयुष्यभर चांगल्या घरांतली चांगली कपाटं केली होती, आणि आता मदत करणाऱ्या संस्थेने त्यांना इथे आणून सुतारकाम शिकवायला बसवलं होतं. मागच्या खिशात त्यांचा गुण्या कायम असायचा, त्यामुळे ते खुर्चीवर नेहमी एका कुशीवर बसत. काटकोन बघायचं ते हत्यार शिकाऊ माणसांनी महिनोन्‌महिने एवढं पाहिलं होतं, की मास्तर घरी जेवायलाही ताट गुण्या लावूनच मांडत असतील असं सगळे म्हणत. माणूस नाकासमोर चालणारा. पण युद्धातून आलेल्यांच्या हाताखालून लाकूड वाया गेलं तर ते कधी बोलले नाहीत. फक्त तो तुकडा उचलून भिंतीशी ठेवत आणि नवा देत.

सासूबाई पूर्वी लॉन्ड्रीत इस्त्री करायच्या. नाव नोंदवायच्या दिवशी बायकांची रांग शिवणकामाकडे होती, पुरुषांची सुतारकाम आणि वायरिंगकडे. सासूबाई पुरुषांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. टेबलापलीकडच्या मुलीला वाटलं म्हातारीची चूक झाली, तिने समोरची रांग दाखवली. सासूबाई म्हणाल्या, मला दारं करायची आहेत. मुलीने वर बघितलं आणि नाव लिहून घेतलं. इस्त्रीचा हात रंध्याला कामी आला. दाब कुठे द्यायचा आणि कुठे सोडायचा, हे त्या हाताला निराळं शिकवावं लागलं नाही.

'सासूबाई' हे नाव त्यांना कार्यशाळेत पडलं. दुसरं वाक्य सुरू व्हायच्या आत त्यांच्या तोंडी सून यायची. माझ्या सुनेला हा वास आवडला असता, माझी सून असली गाठ चुटकीसरशी सोडवते, माझ्या सुनेचं अक्षर बघा. शेजारच्या बाकावर एक बस कंडक्टर शिकत होता. त्याची बस जळाली होती, तो मार्गही आता राहिला नव्हता, पण बाकावर लाकूड सरकवायचं झालं तरी तो "चला, पुढे सरका" म्हणायचा. तो एकदा म्हणाला, "अहो, जगात चार दिवस सासूचे आणि चार दिवस सुनेचे असतात. तुमचे तर आठही दिवस सुनेचेच." त्या दिवशी सगळी कार्यशाळा हसली, आणि सासूबाईंना ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

मुलाबद्दल त्या एकदाच बोलल्या, तेही जेवणाच्या सुट्टीत, सगळे डबे उघडून बसले असताना.

त्या सकाळी सासूबाई पाण्याला गेल्या होत्या. भरलेला कॅन घेऊन गल्लीच्या तोंडाशी आल्या तेव्हा घरावर गोळा पडला. घराची मागची बाजू आणि छत आत कोसळलं. पुढची भिंत मात्र उभी, आणि भिंतीत दार उभं. दार आत उघडणारं होतं, आणि आतून त्याला ढिगारा टेकला होता. सासूबाई बाहेरून ढकलत होत्या, सून आतून ओढत होती. चार बोटांची फट पडली आणि दार तिथेच अडलं. गल्लीत माणसं होती, पण गोळे थांबेपर्यंत कुणाला डोकं वर काढता येत नव्हतं. नंतर चौघेजण धावून आले आणि त्यांनीही खांदे लावले, पण आतल्या ढिगाऱ्यापुढे त्यांचं काही चाललं नाही. पहारी शोधून आणेपर्यंत ऊन डोक्यावर आलं.

तेवढा वेळ सासूबाई त्या फटीशी होत्या. मुलगा आत, तुळईखाली होता. त्याचा आवाज फटीपर्यंत पोचत नव्हता, म्हणून तो काय म्हणतो ते सून सांगायची. हे विचारतायत, आई रडतायत का. सासूबाई म्हणायच्या, सांग त्याला, नाही रडत. सून सांगायची, ह्यांना पाणी हवंय. सासूबाईंनी डोईचा रुमाल पाण्यात बुडवून फटीतून आत सारला. एकदा नाही, कितीतरी वेळा. शेवटी सून म्हणाली, "हे म्हणतायत, आईला म्हणावं उन्हात उभी राहू नको, डोकं दुखेल तुझं."

त्यानंतर पहारी आल्या. बाहेर जिवंत आली ती एकटी सून.

"शेवटचं बोलणं तरी झालं त्याच्याशी," सासूबाई डब्याचं झाकण लावत म्हणाल्या होत्या. "एवढं पदरात पडलं माझ्या. लोकांना तेही मिळत नाही."

कंडक्टरने त्या दिवशी कुणाला पुढे सरकवलं नाही.

एक मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. वर्षभर त्या मनातल्या मनात एकच दार उघडत होत्या. ढिगारा होता तो आत. बाहेर सगळं मोकळं होतं. दार बाहेर उघडणारं असतं तर चौघांनी मिळून एका हिसक्यात ओढलं असतं. कुठल्या सुताराने, कधी, काय विचार करून त्या दाराची खाच आत ठेवली होती, देव जाणे. त्या सुताराचा त्यांना राग नव्हता. पण तसं दार पुन्हा आपल्या हातून व्हायचं नाही, हे त्यांनी रंधा हातात घ्यायच्या आधीच ठरवलं होतं.

आणि सून. ती दाराआड बसत नव्हती. शाळेच्या ज्या हॉलमध्ये त्या दोघी राहत होत्या, त्या हॉलची दारं पहिल्याच थंडीत जळणाला गेली होती. सून त्या मोकळ्या तोंडाशी अंथरूण घालायची, वारा खायची, सर्दीने बेजार व्हायची, पण आत सरकायची नाही. अंघोळीला पडदा, आणि पडद्याचं टोक धरून बाहेर सासूबाई. दवाखान्यात डॉक्टरांसमोर जायचं झालं तरी ती एक चप्पल बरोबर उंबऱ्यात काढून ठेवायची, दार मिटू नये म्हणून.

आता शाळा पुन्हा भरणार होती. हॉल उद्या रिकामा करायचा होता. नव्या वसाहतीत त्यांना खोली मिळाली होती, आणि प्रत्येक शिकाऊ माणसाने परीक्षेसाठी आपल्याच खोलीचं दार करायचं, असं मास्तरांनी ठरवलं होतं. सून खोलीत यायला तयार नव्हती. तिचा भाऊ लांब एका खेड्यात राहायचा. ती शांतपणे म्हणाली होती, भावाकडे अंगण आहे, मी अंगणात झोपेन. भांडण नाही, रुसवा नाही. भांडण असतं तर सासूबाईंनी मिटवलं असतं. सून गेली की त्यांना जगात 'आई' म्हणून हाक मारणारं कुणी उरणार नव्हतं, आणि ह्या विचाराने त्यांना मध्येच रंधा थांबवून हात पुसत बसावं लागायचं.

शेवटी त्यांनी सुनेकडून एवढंच कबूल करून घेतलं होतं, की उद्या हॉलमधून निघालीस की आधी खोली बघ. मी केलेलं दार बघ. मग जायचं तर जा.

संध्याकाळी मास्तर फेरीला आले आणि दार अजून बाहेरच उघडतंय हे बघून थांबले. आपल्याला वाटली ती चूक नव्हती, हे आता त्यांच्या लक्षात आलं. सासूबाई उंबऱ्यावर बसून भुसा गोळा करत होत्या.

"हे असंच राहणार, मास्तर," त्या म्हणाल्या, आणि का ते सांगितलं. मुलाचं सांगितलं, सुनेचं सांगितलं, चप्पल उंबऱ्यात ठेवते तेही सांगितलं.

मास्तरांनी मागच्या खिशातून गुण्या काढला, चौकटीच्या कोपऱ्याला लावला, पुन्हा खिशात ठेवला. कोपरा काटकोनात होता, तो त्यांनी सकाळीच पाहिला होता. मग त्यांनी त्यांच्या परीने वाट काढायचा प्रयत्न केला. आज फिरवा, उद्या परीक्षा होऊ दे, मग काय करायचं ते करा. पण हे बोलतानाच त्यांचं त्यांना कळलं. परीक्षा झाली की गवंडी येणार होते आणि चौकटीभोवती सिमेंट भरणार होते. त्यानंतर खाच जिथे असेल तिथे, म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

पास झाला नाहीत तर हत्यारांची पेटी मिळणार नाही, असं त्यांनी सांगितलं. वसाहतीतली पुढची सगळी दारं ज्या कार्यशाळेत होणार होती तिथे जागाही मिळणार नाही. मग दोघी खाणार काय? सासूबाई म्हणाल्या, इस्त्री करीन. कुणाच्या कपड्यांना, असं मास्तर विचारणार होते, पण त्यांनी विचारलं नाही. चौकट अजून चार स्क्रूंवर उभी होती. मास्तरांच्या हाताला ती फिरवायचं काम जड नव्हतं. ते थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आली. तरुण इंजिनिअर होती, बगलेत नकाशाची गुंडाळी, बोलायला मऊ. तिने खिशातून एक नाणं काढून दार आणि चौकट यांच्यामधल्या फटीतून वरपासून खालपर्यंत फिरवलं. नाणं कुठे अडलं नाही, कुठे सैल पडलं नाही. दार अर्धं उघडून सोडलं, तर ते सोडलं तिथेच थांबलं. ती मास्तरांकडे वळून म्हणाली, शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात ते खरं. मग तिने नकाशा उलगडला, आणि तिचा चेहरा उतरला. नकाशात सगळी दारं आत उघडत होती. गॅलरी अरुंद होती, समोरासमोर बिऱ्हाडं होती, नियम कुणाच्या खोडीसाठी केलेला नव्हता. तिने ते सासूबाईंना नीट समजावून सांगितलं. परत जाताना ती याच गॅलरीतून जाणार होती. तोपर्यंत चौकट फिरवली तर ती सही करेल, असं म्हणाली.

सासूबाईंनी तिचे आभार मानले. ती गेल्यावर त्यांनी पेचकस मांडीवर घेतला आणि उंबऱ्यावर बसून राहिल्या.

सून आली ती दोन गाठोडी आणि एक बादली घेऊन. गॅलरीतून चालत आली आणि खडूच्या रेघेपाशी थांबली. दार पुरतं उघडं होतं, गॅलरीच्या भिंतीला टेकलेलं. तिने आधी बिजागऱ्या पाहिल्या, मग खोलीत नजर टाकली, आणि गाठोडी रेघेच्या बाहेरच ठेवली. सासूबाईंना तिला सगळं सांगायचं होतं, हा दांडा बघ, ही फळी बघ, ह्याला मी सहा वेळा घासकागद मारलाय. त्याऐवजी त्या उंबऱ्यावरचा भुसा झाडत राहिल्या.

सांगितलं ते कंडक्टरने. त्याचं दार पास झालं होतं आणि त्याच्या पोटात ते राहत नव्हतं. तो हात पुसत आला आणि सुनेला म्हणाला, तुम्ही तरी समजवा ह्यांना, हात दाखवून अवलक्षण करतायत. एका बाजूची खाच दुसऱ्या बाजूला करायची तर पेटीवर पाणी सोडायला निघाल्यात, ती इंजिनिअर बाई आता येईलच परत. सून ऐकत राहिली. कंडक्टरला आपण जास्त बोललो हे कळलं, आणि तो "चला" म्हणून स्वतःच पुढे सरकला.

सून गाठोड्यावर बसली.

"फिरवून टाका, आई," सून म्हणाली. "मास्तर म्हणतात तसं करा."

"मग तू राहशील?"

बादलीची कडी सुनेने उभी केली, आडवी केली, पुन्हा उभी केली.

"दाराने काही झालं नसतं, आई."

"झालं असतं. बाहेर सगळं मोकळं होतं. चौघांनी ओढलं असतं तर..."

"हे तेव्हा नव्हतेच."

सासूबाईंना समजलं नाही. सुनेने बादलीची कडी सोडली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"छत आलं तेव्हाच गेले. मी हात लावून बघितलं होतं. मग तुमची हाक आली बाहेरून."

"पण बोलत होता तो. तू सांगत होतीस."

"मीच बोलत होते."

"आणि पाणी?"

"मी प्यायले," सून म्हणाली. "रुमाल चोखला. आणखी हवं होतं म्हणून परत मागितलं. ह्यांचं नाव सांगून."

गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी हातोडी मारत होतं. ती थांबली, मग पुन्हा सुरू झाली. सासूबाई पेचकसाच्या दांड्यावरून अंगठा फिरवत होत्या. त्यांचा मुलगा आज पुन्हा गेला होता, आणि या वेळी काही न बोलता गेला होता. वर्षभर त्यांनी त्याचा एकेक शब्द जपून ठेवला होता, झोप लागेना तेव्हा तेच शब्द काढून बघायच्या. आई रडतायत का. पाणी हवंय. उन्हात उभी राहू नको, डोकं दुखेल तुझं. त्यातलं काहीच त्याचं नव्हतं. आणि खरं म्हणजे, पोरगा गुणी होता, लाघवी होता, पण आईचं डोकं कधी आणि कशाने दुखतं हे त्याला कधी ठाऊक नव्हतं. उन्हातून आल्यावर कपाळावर ओला रुमाल ठेवायची ती सून.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही गेला असतात फटीपासून."

असं होणार नव्हतं, हे दोघींनाही कळत होतं. पण त्या सकाळी, त्या ढिगाऱ्याआड, तिला तसं वाटलं होतं. बाहेर आहे ती ह्यांची आई आहे, माझी नाही. मुलगा गेला हे कळलं की ती जमिनीवर कोसळेल, नाहीतर माणसं तिला ओढून सावलीत नेतील, आणि फटीशी कुणी उरणार नाही. हे सुनेने सांगितलं नाही. सासूबाईंनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना ते दिसलं.

सून उठली. तिने रेघ ओलांडली, खडूच्या आत येऊन दाराची मूठ धरली आणि दुसरा हात पुढे केला.

"द्या तो पेचकस. नाहीतर तुम्ही फिरवा, मी दार धरते. बाई यायच्या आत होईल."

सासूबाईंनी पेचकस दिला नाही. त्या उंबऱ्यावरून उठल्या, दाराच्या आतल्या बाजूला गेल्या, आणि कडीचा शेवटचा स्क्रू, जो कालपासून तसाच राहिला होता, आवळायला लागल्या. मग त्यांनी कडी एकदा सरकवून बघितली.

"आत तू होतीस ना," त्या म्हणाल्या. "दार असंच राहील."

सुनेने मूठ सोडली नाही. तिचे खांदे हलायला लागले आणि ती दाराकडे तोंड करून उभी राहिली. सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग त्याही रडल्या. कुणासाठी ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. मुलासाठी, आणि फटीतून रुमाल मागणाऱ्या पोरीसाठी.

परीक्षक आली तेव्हा दोघी शेजारी शेजारी उंबऱ्यावर बसल्या होत्या. तिने दाराकडे बघितलं, मग मास्तरांकडे. तिने नकाशा उघडलाच नाही, सहीही केली नाही. वाईट वाटलं हे तिने सांगितलं, आणि ते खरं होतं. ती गेल्यावर मास्तर मागे राहिले. पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा बसा, त्या वेळी कपाटाचं दार देईन, ते कुठे उघडावं याला नियम नाही, असं म्हणाले. हा त्यांचा विनोद होता. मग ते खाली वाकले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पावलांनी पुसट झालेली खडूची रेघ पुन्हा एकदा जोर देऊन ओढली, लांबूनही दिसावी अशी. उठताना त्यांनी गुडघा चोळला आणि आपल्या वाटेने गेले.

दुपार कलली होती आणि गॅलरीत ऊन आलं होतं. सून उठली. तिने गाठोडी उचलून आत ठेवली, बादली आत ठेवली. खोलीच्या मधोमध उभी राहून तिने चारी भिंती बघितल्या, खिडकी बघितली. सासूबाई बाहेर येऊन उभ्या राहिल्या. ये म्हणाल्या नाहीत, राहा म्हणाल्या नाहीत. सून दारापाशी आली. चपला तिच्या पायातच होत्या. तिने त्यातली एक काढली, उंबऱ्याकडे बघितलं, आणि मग दुसरीही काढून दोन्ही आत भिंतीशी ठेवल्या. आतली मूठ धरून तिने दार हळूच ओढून घेतलं.

दार चौकटीत बसल्याचा आवाज आला. कडीचा नाही आला.

सासूबाईंचा हात बाहेरच्या मुठीकडे गेला आणि त्यांनी तो मागे घेतला. दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून त्या उभ्या राहिल्या. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. पावलांचा आवाज नाही, गाठोडं सोडल्याचा नाही. कंडक्टर समोरून आला आणि त्यांच्याकडे बघून भिंतीला लागून हळूच निघून गेला. ऊन थेट कपाळावर येत होतं.

"आई," आतून आवाज आला. अगदी दारामागून.

"काय गं?"

"उन्हात उभ्या राहू नका."

आणि दार उघडलं ते सरळ सासूबाईंच्या गुडघ्यावर येऊन बसलं. चांगलंच लागलं. त्या खडूच्या रेघेबाहेर सरकल्या आणि त्यांनी दार पुरतं उघडू दिलं.